मांडीभर पाणी : म्हादईवरच्या राफ्टिंगमधलं एक प्रकरण

अण्णा बुडाले नाहीत. डाव्या घोट्याचं हाड चिरलं, पोटरीवर लांब खरचटलं, दीड महिना प्लास्टरमध्ये गेला, एवढ्यावर निभावलं. पण त्या दिवशी राफ्टमधून, म्हणजे हवा भरलेल्या रबरी होडीतून, दोन माणसं नदीत पडली होती. एक त्यांचा भाचा, ज्याला पोहता येत नाही. तो साधा ओरखडाही न उठता बाहेर आला. दुसरे अण्णा, लहानपणापासून कृष्णेत पोहणारे, २०१९ च्या पुरात गल्लीतली माणसं पाठीवर घेऊन काढलेले. अडकले ते अण्णा, आणि तेही काठापासून जेमतेम दहा हातांवर, मांडीभर पाण्यात.

मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका मराठी शाळेत शिकवतो. पावसाळ्यात शनिवार-रविवारी राफ्टिंगच्या एका चमूला काठावरून मदत करतो. टेम्पोतून राफ्ट उतरवायच्या, हवा भरायची आणि मग कुळागरातल्या, म्हणजे पोफळीच्या बागेतल्या, वाटेने पुढे जाऊन ठरलेल्या रॅपिडपाशी, म्हणजे दगडांमधून उसळत जाणाऱ्या पाण्यापाशी, दोरीची पिशवी, म्हणजे थ्रो बॅग, घेऊन उभं राहायचं. त्या दिवशी दोरी माझ्याच हातात होती. अण्णांच्या घरच्यांना विचारून हे लिहितो आहे, नावं मात्र दिलेली नाहीत. सुट्टीत राफ्टिंगला येणाऱ्या मराठी माणसांनी हे वाचावं असं मला मनापासून वाटतं, कारण अण्णांसारखी माणसं आपल्याकडे घरटी एक असतात.

नदी कशी आहे

म्हादई खानापूर तालुक्यातल्या भीमगडच्या जंगलात उगम पावते, घाट उतरून सत्तरीत येते आणि पुढे मांडवी होऊन पणजीला समुद्राला मिळते. आमच्याकडे नावेत बसलेल्या देवीच्या जुन्या पाषाणमूर्ती आहेत, लोक तिला म्हादई म्हणूनच पुजतात. राफ्ट चालतात त्या उस्ते ते सोनाळ या सुमारे दहा किलोमीटरच्या पट्ट्यात. रॅपिड दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीचे. एक ते सहा अशी जी आंतरराष्ट्रीय मोजणी आहे, तिच्यात हे मधलं-खालचं पाणी मानलं जातं. नवख्या माणसाला नेता येतं, पण राफ्ट चालवणारा गाइड नवखा चालत नाही.

महाराष्ट्रातून येणारी बहुतेक मंडळी आधी कोलाडला जाऊन आलेली असतात. तिथली गोष्ट वेगळी आहे. मुळशी धरणाचं पाणी भिऱ्याच्या वीजघरातून खाली सुटतं, मग कुंडलिकेत राफ्ट उतरतात. पाणी कधी येणार आणि साधारण किती येणार, हे तिथे ठाऊक असतं. दांडेलीला काळी नदीवरही सुपा धरणाचा आधार आहे. म्हादईच्या या पट्ट्याच्या वर असं मोठं धरण नाही. पाऊस पडेल तशी ती चढते आणि उतरते. वाळपईत, म्हणजे सत्तरीच्या मुख्य गावात, वर्षाला दीडशे इंचांच्या आसपास पाऊस होतो, आणि त्यातला बराचसा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. हंगामही तेवढाच.

या नदीच्या पाण्यावरून कर्नाटकाशी गोव्याचा वाद आहे. लवादाने २०१८ मध्ये कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलं, आणि त्यानंतरही तो मिटलेला नाही. इथे त्यात शिरत नाही. एवढंच सांगतो की ही नदी आज ज्या मोकळेपणाने वाहते, त्याच मोकळेपणामुळे ती तासाभरात बदलते. वाळपईत ऊन असतं, वर घाटावर कणकुंबीकडे ढग फुटलेले असतात, आणि आमच्या पायाशी पाणी वीतभर चढलेलं असतं.

आणखी एक फरक आहे, ज्याकडे फारसं कोणाचं लक्ष जात नाही. हिमालयातलं पाणी बर्फाचं. ऋषिकेशला गंगेत पडलेला माणूस थंडीनेच हबकतो, त्याला कोणी सांगावं लागत नाही की ही जागा आपली नाही. म्हादईचं पाणी कोमट. पडल्यावर अंगाला ते ओळखीचं वाटतं, गावच्या नदीसारखं. अण्णांना ते तसंच वाटलं.

तो रविवार

जुलैचा मधला आठवडा. कुटुंब सांगली जिल्ह्यातलं, कृष्णाकाठचं. चार दिवसांची सुट्टी काढून गोव्यात आलेले. मंगेशी झाली, कवळ्याची शांतादुर्गा झाली. पावसाळ्यात किनाऱ्यांवर लाल बावटे असतात, समुद्रात पाऊल टाकू देत नाहीत. म्हणून थोरल्या मुलाने राफ्टिंगचं ठरवलं. तो दोनदा कोलाडला जाऊन आलेला. राफ्टमध्ये सातजण बसणार होते : अण्णा, दोन मुलगे, थोरली सून, धाकटी मुलगी, जावई आणि भाचा. काकूंचे गुडघे दुखतात, त्या मुक्कामाच्या जागीच थांबल्या.

उस्त्याला काठावरच्या एका कातळावर आम्ही पांढऱ्या रंगाच्या तीन रेघा ओढल्या आहेत. पाणी खालच्या रेघेच्या खाली असलं की राफ्ट दगडांवर घासत जाते. मधल्या रेघेच्या आसपास असलं की उत्तम. वरची रेघ बुडाली की त्या दिवशी कोणीही उतरत नाही, कोणी कितीही लांबून आलेलं असो. सकाळी आठला पाणी मधल्या रेघेच्या चार बोटं खाली होतं. दहाला दोन बोटं वर. रंग दुधाळ चहासारखा, आणि वरून काटक्या नि सुका पाला यायला लागलेला. पाला येतो म्हणजे वर कुठेतरी व्हाळ, म्हणजे ओढा, फुगून काठ धुऊन काढतोय.

गाइड नेपाळचा. कित्येक हंगाम भारतातल्या नद्यांवर काढलेला, हाताला कणखर, स्वभावाने मवाळ. त्याने पाच मिनिटं नुसतं पाणी बघितलं. पाणी चढतंय, पण अजून आपल्या आवाक्यात आहे, आणि पुढे सेफ्टी कयाक, म्हणजे पडलेल्यांना उचलायला एकट्याने वल्हवायची छोटी होडी, आहे, असं म्हणून त्याने जायचं ठरवलं. त्या निर्णयावर आमच्यात नंतर बरीच बोलाचाली झाली. माझं मत आजही असं आहे की निर्णय बरोबर होता. चूक दुसरीकडे होती.

ती चूक त्याआधीच्या पंधरा मिनिटांत झाली. कपडे बदलून मंडळी आली, लाइफ जॅकेट आणि हेल्मेट वाटली, सगळ्यांनी एका फॉर्मवर सह्या केल्या. फॉर्म इंग्रजीत होता. अण्णांनी न वाचता सही केली, चष्मा गाडीत राहिला होता म्हणून. मग गाइडने हिंदीत सूचना दिल्या, मधेमधे इंग्रजी शब्द. पॅडल कसं धरायचं, ‘फॉरवर्ड’ म्हटलं की काय, ‘बॅक’ म्हटलं की काय, ‘गेट डाउन’ म्हटलं की राफ्टच्या तळाशी बसायचं. शेवटी पाण्यात पडलं तर काय करायचं ते : पाठीवर झोपा, पाय वर, पाय प्रवाहाच्या दिशेने, ‘डोंट स्टँड अप’. सगळं बरोबर सांगितलं. एक शब्द कमी नाही.

त्या वेळी अण्णा धाकट्या मुलीच्या जॅकेटचा पट्टा आवळत होते. कयाकवाल्या मुलाच्या हेल्मेटवर छोटा कॅमेरा असतो, त्यात ते दिसतं. मुलीच्या पट्ट्याकडे बघत, मान हलवत, ‘हां, हां’ म्हणताहेत. ‘फीट अप’ हे त्यांच्या कानावर पडलं होतं. ते म्हणजे राफ्टमध्ये बसताना पाय वर घ्यायचे, असं ते समजले होते. हे त्यांनी मला नंतर सांगितलं.

मी त्या वेळी दुसऱ्या राफ्टला पंप मारत होतो. त्यांची भाषा बोलणारा तिथे मी एकटा होतो.

अडीच मिनिटं

मी उभा असतो तो तिसरा मोठा रॅपिड. नदी तिथे डावीकडे वळते, मधे हत्तीच्या पाठीसारखा एक खडक आहे. कमी पाण्यात तो पूर्ण दिसतो आणि सगळे त्याला टाळतात. त्या दिवशी पाणी त्याच्या माथ्यावरून नुकतं वाहायला लागलं होतं. राफ्ट आडवी झाली आणि त्याला जाऊन टेकली. अशा वेळी सगळ्यांनी खडकाच्या बाजूला झेपावायचं असतं, म्हणजे पाणी वरच्या कडेवर चढून राफ्ट उलटवत नाही. गाइड ओरडला. पाचजण झेपावले. अण्णा आणि भाचा वरच्या कडेला होते, ते मागे पडले, थेट पाण्यात.

भाच्याला पोहता येत नाही, म्हणून सूचना ऐकताना तो सगळ्यात पुढे उभा होता. तो पडला तसा पाठीवर वळला, पायांचे अंगठे पाण्याबाहेर काढले आणि गप्प वाहत गेला. शंभरेक मीटर खाली कयाकच्या टोकाला त्याने हात घातला. चेहरा पांढरा पडला होता, पण त्याला जे सांगितलं होतं तेच त्याने अक्षरशः केलं.

अण्णांनी पडल्याबरोबर हात मारायला सुरुवात केली. मी बघत होतो, आणि खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. काय सुंदर हात होते! प्रवाह तिरका कापत, मान पाण्यावर, थेट माझ्या काठाकडे. मी दोरीची पिशवी खालीसुद्धा केली. कॅमेऱ्यात हिशेब आहे : पडल्यापासून एकोणीस सेकंदांत त्यांचे पाय तळाला लागले, आणि ते उभे राहिले. मांडीभर पाणी. त्यांनी माझ्याकडे बघून हात वर केला, काळजी करू नका म्हणून.

पुढचं पाऊल टाकलं ते दोन दगडांमधल्या फटीत गेलं.

ज्याने हे पाहिलेलं नाही त्याला ते पटकन कळत नाही. पाय अडकतो, पण पाणी ढकलायचं थांबत नाही. माणूस पुढच्या बाजूला, प्रवाहाच्या दिशेने वाकतो. वाकला की छाती पाण्याच्या पट्ट्यात येते आणि पाण्याला ढकलायला आणखी जागा मिळते. हातांना धरायला समोर काही नसतं. वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. त्यामुळे दिसायला जरासं जोरात वाटणारं पाणी प्रत्यक्षात माणसाला उठू देत नाही. अण्णांचं तोंड पाण्यात गेलं, वर आलं, परत गेलं. दंडात एवढी ताकद असलेला माणूस, आणि त्या ताकदीचा काही उपयोग नव्हता.

माझी पहिली फेक आखूड पडली. घाईत मी ‘दोरी!’ असं ओरडलोही नाही, आणि त्यांनी बघितलंही नाही. पिशवीतली दोरी वीस मीटरची. ती ओढून, हातात वेटोळी करून दुसरी फेक केली, ती त्यांच्या खांद्यावर पडली. त्यांनी धरली. पण नुसती काठावरून धरलेली दोरी अडकलेला पाय सोडवत नाही. मी ओढलं असतं तर ते काठाकडे वाकले असते आणि पाय फटीत आणखी पिळवटला असता. हे मला शिकवलेलं होतं, आणि त्या क्षणी ते आठवलं याबद्दल मी आजही देवीचे आभार मानतो.

पलीकडच्या बाजूला, मधल्या खडकामागच्या संथ पाण्यात, कयाकवाला पोचला होता. भाच्याला राफ्टवर चढवून तो परत वर आला होता. त्याने दोरीचं दुसरं टोक घेतलं. दोघांनी दोरी आडवी ताणली आणि खालच्या अंगाने वर आणत अण्णांच्या छातीला लावली. दोरी म्हणजे कठडा झाला. त्यांनी दोन्ही काखा त्यावर टाकल्या, आणि डोकं पाण्याबाहेर राहिलं. ती सगळ्यात मोठी गोष्ट होती. डोकं बाहेर आलं की वेळ आपला असतो.

कुळागरवाले भाऊ, ज्यांच्या बागेतून आम्ही जातो, तेही तोवर धावत आले. त्यांनी माझ्या कमरेला धरलं. ते सारखे ओरडत होते, “सोडू नका, सोडू नका!” ते मला सांगत होते की अण्णांना, कोण जाणे. राफ्ट खाली काठाला लावून गाइड दगडांवरून धावत वर आला, अण्णांच्या वरच्या अंगाला पाण्यात उतरला, त्यांच्या जॅकेटला मागून धरलं आणि आलेल्या वाटेने, म्हणजे प्रवाहाच्या उलट, मागे खेचलं. पहिल्या झटक्याला नाही. दुसऱ्याला पाय सुटला. सँडल आतच राहिली.

पडल्यापासून काठावर येईपर्यंत अडीच मिनिटं. कॅमेऱ्यात एवढीच भरतात.

दवाखान्यात

वाळपईला नेलं. एक्स-रेमध्ये घोट्याच्या हाडाला चीर दिसली. पोटरीवरची जखम डॉक्टरांनी दोनदा धुतली आणि विचारलं, नदीचं गढूळ पाणी जखमेत गेलंय का? मग लेप्टोबद्दल सांगितलं. पावसाळ्यातल्या पाण्यात उंदीर-गुरांच्या मूत्रातून हा रोगजंतू येतो आणि उघड्या जखमेतून अंगात शिरतो. ताप साधारण आठवडा-दोन आठवड्यांनी येतो, तोवर माणूस सुट्टी संपवून घरी गेलेला असतो आणि नदीची गोष्ट तिथल्या डॉक्टरला सांगायची राहून जाते. म्हणून डॉक्टरांनी केसपेपरवर ठळक लिहिलं : ताप, अंगदुखी, डोळे लाल झाले तर लगेच दाखवा आणि नदीत पडल्याचं सांगा. मला हे आधी माहीत नव्हतं. आता पावसाळ्यात नदीवरून परत जाणाऱ्या, खरचटलेल्या प्रत्येकाला मी हे सांगतो. अण्णांना ताप आला नाही.

काकू आल्या तेव्हा अण्णा खाटेवर बसले होते. त्यांनी काही विचारलं नाही. नुसता पदराने त्यांच्या केसांतला चिखल पुसत राहिल्या.

ते उभे का राहिले

संध्याकाळी मी एकटाच परत गेलो. मला विचारल्याशिवाय राहवेना. म्हटलं, अण्णा, तुम्ही काठापर्यंत इतके नीट आलात, उभे का राहिलात?

ते म्हणाले, “सर, पाय टेकला की माणूस वाचला. आमच्यात पोराला पाण्यात टाकत्यात तवाच शिकवत्यात. पाय टेकला, उभं राहायचं. आता हे कोन सांगनार की उभं राहू नका म्हनून?”

मी त्यावर बरेच दिवस विचार केला. त्यांचं म्हणणं त्यांच्या नदीपुरतं शंभर टक्के खरं आहे. कृष्णाकाठी घाट आहेत, पायऱ्या आहेत, तळाला गाळ नि वाळू आहे. पूर येतो तेव्हाही पाणी रुंद पसरतं, गल्ल्यांतून शिरतं, चढतं. २००५, २०१९, २०२१ चे पूर त्यांनी पाहिले. त्या पाण्यात माणसं वाचवताना त्यांनी हजारदा पाय टेकवून उभं राहूनच वाचवली असतील. आमची नदी अरुंद आहे, उतारावर आहे, तळ दगडांचा आहे, आणि गढूळ पाण्यात तो तळ दिसत नाही. इथे मांडीभर पाणी डोहापेक्षा धोक्याचं. डोहात जॅकेट तुम्हाला तरंगवतं. माणसाला तरंगवायला पाचेक किलोची उचल पुरते, राफ्टिंगच्या चांगल्या जॅकेटला त्याहून जास्त असते. पण पाय अडकला की तरंगण्याचा प्रश्नच उरत नाही.

म्हणजे अण्णांना काही येत नव्हतं म्हणून ते अडकले नाहीत. जे येत होतं ते दुसऱ्या नदीचं होतं. भाच्याला काहीच येत नव्हतं, म्हणून त्याने सांगितलेलं सगळं घेतलं. आणि आम्ही काय केलं? ज्याला पोहता येत नाही त्याला पुढे उभं केलं, त्याच्याकडे बघून सूचना दिल्या. “पोहता येतं का?” या प्रश्नाला अण्णांनी “कृष्णेत वाढलोय” म्हटलं, आणि गाइडने कौतुकाने मान हलवून नजर पुढे नेली. मीही मनातल्या मनात त्यांचं नाव यादीतून खोडलं. तिथेच आमचं चुकलं, असं माझं ठाम मत आहे. पाण्याची पातळी, मधला खडक, आडवी झालेली राफ्ट ही पडण्याची कारणं. पडणं हा राफ्टिंगचा भागच आहे. उभं राहण्याचं कारण आमच्या सूचनांमध्ये होतं.

चमूतल्या काहींना हे पटलं नाही. त्यांचं म्हणणं, सूचना दिली होती, त्यांनी ऐकली नाही. मी त्यांना एवढंच विचारलं की घाबरलेल्या माणसाला, नाकातोंडात पाणी जात असताना, ऐकलेलं आठवतं की केलेलं? आणि तेही दुसऱ्याच्या भाषेत ऐकलेलं? भाच्यालाही ते वाक्य म्हणून आठवलं नव्हतं. सूचना ऐकताना तो कठड्याला टेकून पाय वर करून बघत होता, ते कॅमेऱ्यात आहे. त्याच्या अंगाला ते आठवलं.

आता काय करतो

पुढच्याच शनिवारपासून आम्ही पद्धत बदलली. सुरुवातीच्या जागेपाशी एक संथ कोंड आहे, कमरेइतका. प्रत्येक माणूस जॅकेट नि हेल्मेट घालून त्यात पाठीवर झोपतो, पाय वर करतो आणि दहा हात वाहून दाखवतो. मग पोटावर वळून काठाकडे पोहत येतो, आणि शेवटी पुन्हा पाठीवर. उभं कधी राहायचं, यासाठी मला मराठीत एक वाक्य सापडलं, आणि ते मी सगळ्यांकडून मोठ्याने म्हणून घेतो : बूड टेकेपर्यंत पाय नाही. म्हणजे पाणी इतकं उथळ झालं पाहिजे की बसल्या जागी बूड तळाला घासलं पाहिजे. तोवर पाय खाली सोडायचे नाहीत. पोरं हसतात. हसू देत, हसलेलं लक्षात राहतं. कन्नड पाहुण्यांसाठी हेच वाक्य बेळगावकडच्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांकडून करून घेतलं. फॉर्म आता मराठी, हिंदी आणि कन्नडमध्येही आहे.

पोहणाऱ्यांना आम्ही सगळ्यात आधी कोंडात उतरवतो. गाइड आता विचारतो, कुठल्या नदीत पोहायला शिकलात? विहिरीत शिकलेला, तलावात शिकलेला, कृष्णेत शिकलेला, प्रत्येकाची सवय वेगळी. विहिरीतला माणूस कडा शोधतो, नदीतला माणूस तळ शोधतो. जे विसरायचं आहे ते आधी कळावं लागतं.

सँडल बंद केली. पायाला घट्ट बसणारे, नाडीचे जुने कॅनव्हास बूट चालतात. फटीत अडकायला पट्टे-बक्कल नको.

माझ्यापुरतं म्हणाल तर मी दर शनिवारी शाळा सुटल्यावर मैदानात वीस फेका करतो. ‘दोरी!’ असं आधी ओरडून. मुलांना वाटतं सर काहीतरी नवीन खेळ शिकताहेत, तीही येतात. दोन-तीन मुलींची फेक माझ्याहून सरळ जाते. त्यांना मी दोरी खांद्यावरून घेऊन पाठीवर कसं राहायचं, ती मनगटाला का गुंडाळायची नाही, हेही शिकवतो. सत्तरीतल्या मुलांना नदी रोजची आहे, राफ्ट असो वा नसो.

सुट्टीला येणाऱ्यांना एक विनंती. आरक्षण करताना भाव विचारता, फोटो मिळतील का विचारता, ते विचाराच. पण हेही विचारा की पाणी वाढलं तर कोण ठरवतं आणि पैशांचं काय होतं. हे आधी ठरलेलं असेल तर काठावर घासाघीस होत नाही, आणि गाइडवर ‘चला हो, काही होत नाही’ असा दबाव येत नाही. सोबत सेफ्टी कयाक आहे का, काठावर दोरी घेऊन कोणी असतं का, तेही विचारा. आणि तुमच्यातला जो सगळ्यात पट्टीचा पोहणारा आहे, तुमचे अण्णा, दादा, आप्पा, त्यांना सूचनांच्या वेळी पुढे उभं करा. कोणाचा पट्टा आवळायचा असेल तर तो नंतर आवळा.

ऑक्टोबरात

पावसाळा सरला, चतुर्थी होऊन गेली, पाणी उतरलं. एका रविवारी मी आणि कुळागरवाले भाऊ त्या जागी चालत गेलो. नदी घोट्याएवढी, इतकी स्वच्छ की तळाचे मासे दिसत होते. अण्णा उभे राहिले होते ती जागा मला तंतोतंत माहीत होती. दोन मोठे दगड, मधली फट वर वीतभर रुंद आणि खाली निमुळती. आत सँडल तशीच होती, वाळूने भरलेली, बक्कल गंजलेलं.

भाऊंनी वाकून तिला धरून वर ओढलं. हलली नाही. त्यांनी दोन्ही हातांनी जोर लावला, तरी नाही. वास्तविक वर पाणी नव्हतं, प्रवाह नव्हता, काही नव्हतं. मग मी त्यांच्या जागी बसलो, दोन बोटं पट्ट्यात घातली आणि नदी जिकडून येते तिकडे मागे सरकवली. सुळकन निघाली.